टाकीत कढत पाणी, नळाला थेंब नाही: खारपाणपट्ट्यातल्या एका सोलर हीटरचं प्रकरण

विदर्भात सोलर वॉटर हीटर घेताना सगळे ऊन मोजतात. अकोल्याच्या उन्हाबद्दल खरं तर कुणालाच शंका नसते. डिसेंबर-जानेवारीतही इथलं आभाळ बहुतेक दिवस मोकळं असतं. हे प्रकरण ज्या घराचं आहे तिथेही ऊन भरपूर होतं, यंत्र बऱ्या प्रतीचं होतं आणि बसवणारा अगदीच नवखा नव्हता. तरी दोन हिवाळ्यांत त्या घराला सलग पंधरा दिवस धड गरम पाणी मिळालं नाही, आणि काचेच्या नळ्या मात्र एकामागून एक फुटत राहिल्या. कारणं शोधायला गेलो तर सगळी पाण्याच्या बाजूची निघाली: ते येतं कधी, साठतं किती उंचीवर आणि त्यात विरघळलेलं काय आहे.

घर आणि पाणी

गाव अकोट तालुक्याच्या दक्षिण अंगाला, पूर्णा नदीच्या बाजूचं. म्हणजे ऐन खारपाणपट्टा. सातपुड्याच्या पायथ्याकडून खाली उतरलं की अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. माती काळी, खोल, कापसाला उत्तम. पण जमिनीखालचं पाणी खारट. बोअरला पाणी लागतं, ते ढोरंही नाखुशीने पितात. गोडं पाणी येतं ते धरणावरच्या प्रादेशिक योजनेतून, नळाने. या घरी तो नळ आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा येतो, आणि येतो तेव्हा बहुधा भर दुपारी.

घरात सहा माणसं: आजी-आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन मुलं. पुढचा भाग स्लॅबचा, मागे टिनाचं छप्पर, आणि टिनाच्याही पलीकडे न्हाणी. पाणी पूर्वीपासून न्हाणीशेजारच्या चुलीवर तापायचं. जळण म्हणजे पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं), कधी तुराटी, पावसाळ्यात गोवऱ्या. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण ४ युनिट विजेइतकी उष्णता लागते. उघड्या चुलीत आठातला जेमतेम एक भाग भांड्याला लागतो, बाकी धूर आणि वारा. त्या हिशोबाने तेवढ्या पाण्याला सात किलोच्या आसपास पऱ्हाटी रोज जळते. ती फुकटच असते, हे खरं. पण ती घराशेजारी रचून ठेवावी लागते, आणि कापसाच्या पट्ट्यात ही रास म्हणजे गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत दिलेला आसरा. २०१७ सालच्या बोंडअळीने विदर्भ पोळून निघाला, त्यानंतर हंगाम संपताच पऱ्हाटी काढून नष्ट करा असं कृषी खात्याचे लोक घसा कोरडा करून सांगतात. लोक मान डोलावतात आणि रास आहे तिथेच राहते, कारण सकाळी आंग धुवायला पाणी लागतंच.

या घराने सोलर घेतला तो मुख्यतः सुनेच्या आग्रहाने. पहाटे साडेचारला उठून धुरात बसायचं, मग स्वयंपाक, मग वावरात वेचणीला. त्यातला पहिला तास तरी सुटावा एवढीच तिची अपेक्षा होती.

खरेदी

थोरल्या नातवाने ऐकलं होतं की सोलरला सरकार ७८ हजार देतं. तो आकडा खरा आहे, पण तो २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचा, छपरावर वीज तयार करणाऱ्या ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी. पाणी तापवणाऱ्या सोलरशी त्याचा संबंध नाही. गावात दोन्हींना ‘सोलर’च म्हणतात, त्यामुळे हा घोळ घरोघरी होतो.

दुकानदाराने माणसं मोजली आणि २०० लिटरचा, २० नळ्यांचा संच दिला. हिशोब असा करायला नको होता. एका माणसाला आंघोळीला साधारण १८ लिटर, ४० अंशांचं पाणी पुरतं. सहा जणांचं १०८ लिटर. वरून ६० अंशांचं पाणी येत असेल आणि हिवाळ्यात खालचं पाणी २० अंशांचं असेल, तर निम्मं-निम्मं मिसळावं लागतं. म्हणजे खरं गरम पाणी लागतं ५४ लिटर. भांडी, दुधाच्या कासंड्या, आजीच्या गुडघ्यांचा शेक धरला तरी ८० च्या वर जात नाही. १०० लिटरचा संच इथे पुरला असता. मोठा संच घेतल्याने नुसते पैसेच जास्त गेले असं नाही. जिथे गोडं पाणी आठवड्याने येतं तिथे २०० लिटरची टाकी कायम भरलेली ठेवणं हेच एक काम होऊन बसतं.

संच निर्वात नळ्यांचा होता. काचेची दुहेरी नळी, दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली, आतल्या भिंतीवर काळा लेप. पाणी थेट नळीत उतरतं, तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी त्याच्या जागी खाली येतं. पंप नाही, वीज नाही. तोंड दक्षिणेला होतं, उतार तीसेक अंशांचा. अकोल्याच्या २०.७ अक्षांशावर हिवाळ्यासाठी तो ठीकच. बसवणाऱ्याने इथपर्यंत काही चुकवलं नव्हतं.

थंड्या नळाला कोमट पाणी

मला त्या घरी नेलं ते त्यांच्याच नात्यातल्या एका प्लंबरने. आजी न्हाणीच्या दारात बसल्या होत्या. त्यांनी आल्याआल्या तक्रार मांडली: “थंड्या नळाले दुपारी कोमट पाणी येते, अन् गरम नळाले काहीच नाही. कसं यंत्र हाये हे?”

या एका वाक्यात अर्धं निदान होतं. घरातल्या इतरांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

स्लॅबवर चढल्यावर उलगडा झाला. सोलरच्या टाकीचा माथा स्लॅबपासून पाच फुटांवर, तळ साडेतीन फुटांवर. शेजारी ५०० लिटरची काळी टाकी, विटांच्या ओट्यावर. तिचा तळ अडीच फुटांवर आणि काठ सहा फुटांवर. सोलरच्या टाकीत गार पाणी तळाशी शिरतं आणि गरम पाणी माथ्याजवळून बाहेर पडतं. गरम पाण्याला बाहेर ढकलणारं दुसरं काहीच नसतं, फक्त मागून येणाऱ्या गार पाण्याचा दाब. म्हणजे काळ्या टाकीतली पातळी पाच फुटांच्या वर असेल तेवढा वेळच गरम नळ वाहणार. टाकी काठोकाठ भरली की वरचा फूटभर पाणी उतरेपर्यंत गरम पाणी मिळायचं, मग बंद. खाली सात-आठ बादल्या वापरल्या की वर शंभर-दीडशे लिटर कढत पाणी आणि न्हाणीत कोरडा नळ.

पुढचा भाग जास्त वाईट. सोलरला जाणारी गार पाण्याची लाइन वेगळी नव्हती. स्वयंपाकघर आणि अंगणातल्या नळाच्या लाइनीतूनच ती फोडली होती, आणि मध्ये उलट प्रवाह अडवणारा एनआरव्ही नव्हता. काळ्या टाकीतली पातळी खाली गेली की सोलरच्या टाकीतलं पाणी त्याच वाटेने परत फिरायचं. वर हवेची नळी उघडी असल्याने टाकी रिकामी व्हायला काही अडचणच नव्हती. आजीच्या थंड्या नळाचं कोमट पाणी ते हे. काळी टाकी संपली की तिच्यासोबत सोलरची टाकीही संपायची, आणि नळ यायला अजून चार दिवस असायचे.

नळ्या कशाने फुटल्या

दुकानदाराचं म्हणणं ठरलेलं होतं. “वांदराईनं फोडल्या म्हणते तो,” घरधनी म्हणाले. अकोट भागात वानरांचे कळप गावात उतरतात, स्लॅबवरून टिनावर उड्या घेतात, डिशच्या छत्र्या वाकवतात. त्यामुळे आरोप पटण्यासारखा होता. दुसरा संशय गारपिटीवर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. पण नळ्या फुटल्या त्या हिवाळ्यांत इथे गारा पडल्याच नव्हत्या, आणि वानराने फोडलेली नळी मधोमध बाहेरून फुटते. इथल्या फुटलेल्या नळ्यांची आतली काच वरच्या टोकाजवळ तडकलेली होती.

उत्तर सुनेकडे होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती नळ आला त्या तारखेला पेनाने गोल करते, म्हणजे पुढची पाळी कधी याचा अंदाज राहतो. नळी फुटली त्या दिवशी फुली मारायची सवय तिला वॉरंटीसाठी लागली होती. प्रत्येक फुली गोलातच होती. “फुटली ते नळाच्याच दिवशी फुटली,” ती म्हणाली, “अन् दुपारीच. आधी फटाक्यावानी आवाज, मंग पन्हाळीतून पाण्याची धार.”

आता साखळी सरळ लावता येत होती. टाकी रिकामी झाली तरी नळ्या बंद तळाच्या असल्याने त्यांत पाणी उरतं. एका नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास. वरून नवं पाणी येत नाही, ऊन थांबत नाही. नळीतलं पाणी उकळतं आणि वाफ हवेच्या नळीतून निघून जाते. दिवसाला अर्धा लिटरभर पाणी असं उडालं तरी चार दिवसांत नळीचा वरचा बराच भाग कोरडा होतो. निर्वात नळी कोरडी उन्हात राहिली की आतली काच २०० अंशांच्या पुढे सहज जाते. अशा वेळी दुपारी एकला नळ येतो, घरात धांदल उडते, कुणीतरी मोटार लावतं, आणि २५ अंशांचं पाणी धाडकन त्या तापलेल्या काचेवर पडतं. बोरोसिलिकेट काच साध्या काचेपेक्षा हा धक्का पुष्कळ सोसते, पण तिलाही मर्यादा आहे.

नळी तडकून निकामी झाली की नाही हे पाहायची एक सोपी खूण आहे. नळीच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा. आतली निर्वात पोकळी शाबूत असेपर्यंत तो चकाकतो. हवा शिरली की पांढरट, दुधाळ होतो. त्या संचात वरून धडधाकट दिसणाऱ्या दोन नळ्यांचे डाग पांढरे पडले होते. त्या फुटल्या नव्हत्या, पण पाणीही तापवत नव्हत्या.

खाराचा मुलाहिजा

पहिल्या उन्हाळ्यात नळ लांबला तेव्हा घरच्यांनी काळी टाकी बोअरच्या पाण्याने भरली. वापरायला खारं पाणी चालतं, असा त्यामागचा विचार. माझ्या खिशातल्या क्षार मोजणाऱ्या मीटरवर त्या पाण्याचा आकडा २,००० च्या पुढे गेला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोयच नसेल तर २,०००.

मी एक नळी काढून उपडी केली तेव्हा तळातून मूठभर पांढरा चुरा पडला, आणि काचेवर जिथे जिथे पाण्याची पातळी थांबली होती तिथे तिथे वलयं होती. जड पाण्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटतो आणि चुनखडी खाली बसते. रोज १०० लिटर पाणी आणि लिटरमागे नुसती २०० मिलिग्रॅम चुनखडी सुटली तरी दिवसाला २० ग्रॅम, चार महिन्यांत दोन किलोच्या वर. नळ्यांचा संच असल्याने ती घासून काढता तरी येते. तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पत्र्याचा संच इथे घेतला असता तर त्या आतून चोंदल्या असत्या आणि दुकानात नेऊन आम्लाने धुतल्याशिवाय मोकळ्या झाल्या नसत्या.

चुनखडीपेक्षा मीठ जास्त दगाबाज. टाकीचं आतलं भांडं ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं होतं. हे स्टील गंजत नाही अशी सर्वांची समजूत असते. पण क्लोराइडचं प्रमाण जास्त असलेलं पाणी गरम झालं की त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, बहुधा जोडाच्या रेषेवर. या टाकीच्या बाहेरच्या पत्र्याखालून एका कडेला पाझर सुरू झाला होता. आत फोम भरलेला असल्याने नेमकी जागा सापडत नाही, आणि सापडली तरी झाळून फार काळ टिकत नाही.

काय केलं

पहिलं काम उंचीचं. लोखंडी अँगलचा सहा फुटी घोडा करून त्यावर २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप ठेवलं. ते फक्त सोलरचं. त्याचा तळच सोलरच्या माथ्यापेक्षा फूटभर वर, त्यामुळे शेवटच्या लिटरपर्यंत दाब मिळतो. त्यातून सोलरला वेगळी लाइन, एनआरव्हीसह. हवेची नळी पिंपाच्या काठाच्याही वर नेली. ती खाली राहिली असती तर पिंप भरल्यावर तिच्यातून पाणी ओसंडलं असतं. ती दोरी किंवा चिंधी कोंबून बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. मग गरम पाणी काढताना टाकी आत ओढली जाऊन चेपते.

दुसरं, पिंपात फक्त नळाचं गोडं पाणी. हिवाळ्यातल्या वापराला २०० लिटर दोन-तीन दिवस जातं. त्यानंतर नळ लांबला तर? तर गरम पाणी बंद पडतं, कारण मागून ढकलणारं पाणी संपतं. पण सोलरची टाकी भरलेलीच राहते आणि नळ्या वाचतात. हे घरच्यांना पटवायला वेळ लागला. वर पाणी कढत असताना खाली मिळू नये, हे आजोबांना शुद्ध अन्याय वाटत होतं. त्यांच्यासाठी तळाच्या ड्रेन वॉल्व्हमधून अडीअडचणीला बादलीभर पाणी काढता येतं, एवढी सवलत ठेवली. बादलीभरच.

तिसरं, वेळ. नळ दुपारी आला तरी पाणी आधी अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात घ्यायचं. वर मोटार लावायची ती दिवस मावळल्यावर किंवा पहाटे. वीज नेमकी संध्याकाळी गेली तर पहाट. हा नियम सुनेने मोटारीच्या बटनाखाली खडूने लिहून ठेवला, कारण मोटार लावणारा हात घरात एकच नसतो.

नळ्या बदलताना तिन्हीसांजेची वेळ धरली. रबरी कडीला साबणाचं पाणी लावून नळी फिरवत आत सरकवायची. जोर लावला की तोंड उडतं. जुन्या नळ्या लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवून लांब दांड्याच्या ब्रशने घासल्या. उन्हाळ्यात वीसपैकी दहा नळ्यांवर बारदान टाकायचं, मे महिन्यात सगळ्यांवर. तेव्हा काळ्या टाकीतलं पाणीच अंगाला चटका देतं. सोलर तापवून करायचं काय?

न्हाणीपर्यंतचा पाइप मात्र तसाच राहिला. तो वीस मीटर आहे, पाऊण इंची, आणि त्यात साडेपाच-सहा लिटर गार पाणी कायम अडकून असतं. नळ सोडला की आधी ते येतं. पूर्वी ते मोरीत जायचं, आता बादलीत धरतात, नाहीतरी गरम पाण्यात गार मिसळावंच लागतं. पाइप बसवणाऱ्याने सीपीव्हीसीचा वापरला होता हे नशीब. साधा पीव्हीसी या पाण्याने मऊ पडून वाकला असता.

पुढचा हिवाळा

सुधारणेनंतरच्या हिवाळ्यात एकही नळी फुटली नाही. पहाटे पाण्याचं तापमान किती राहतं हे मात्र संध्याकाळवर अवलंबून आहे. वेचणीच्या दिवसांत सगळे धुळीने माखून येतात आणि संध्याकाळीच आंग धुतात. तेवढं गार पाणी टाकीत तळाशी शिरतं आणि रात्रभरात मिसळून सकाळचं पाणी कोमट होतं. संच मोठा असल्याचा इथे थोडा फायदा झाला, हे मान्य करायला हवं. ढगाळ दिवशी चूल पेटतेच. आजी तर ऊन असलं तरी पेटवतात, सवय म्हणून आणि शेकायला म्हणून. पऱ्हाटीची रास निम्म्यावर आली, नाहीशी झाली नाही.

पैशाचा हिशोब या घरात विजेशी लावता येत नाही, कारण गिझर कधी नव्हताच. ज्या घरी गिझर आहे तिथे चित्र वेगळं. १०० लिटरमागे रोज ४ युनिट म्हणजे महिन्याला १२०, आणि घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांनंतरचा टप्पा दुपटीच्या आसपास महाग. अशा घरांना मी आता वेगळाच प्रश्न विचारतो: बोअरचंच पाणी वापरणार असाल तर पाणी तापवणारा सोलर कशाला? छपरावर १ किलोवॉटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी ४ युनिट निघतात, म्हणजे जवळपास तेवढीच उष्णता. जागा जास्त लागते, पण त्याला खार चढत नाही, वानराने उडी मारली तरी सहसा काही होत नाही, आणि उन्हाळ्यात त्याच विजेवर कूलर चालतो. केंद्राचं अनुदानही सध्या त्याच बाजूला आहे. पाणी तापवण्याच्या संचांवरचं २०१४ मध्येच थांबलं. वीज सकाळी नेमाने असेल तरच हा सौदा बरा, ही अट मात्र आहेच. छोटा गिझरही खाऱ्या पाण्याने खराब होतो, पण तो बदलायला दोन-तीन वर्षांनी काही हजार लागतात, पंचवीस-तीस हजार नाही.

ज्यांना सोलर हीटरच हवा, त्यांनी खारपाणपट्ट्यात हीट पाइपच्या नळ्यांचा, लहान आणि आतून काचेच्या लेपाचं भांडं असलेला संच पाहावा. त्यात नळीत पाणी शिरतच नाही, त्यामुळे नळी कोरडी पडण्याचा आणि दुपारी तडकण्याचा प्रश्न मिटतो. भांड्यात मॅग्नेशियमचा दांडा असतो, खार आधी त्याला खातो. तो झिजला की बदलायचा. किंमत चढी आहे आणि दांडा तालुक्याला मिळत नाही, अकोल्याहून आणावा लागतो.

या घरच्या टाकीचा पाझर चालूच आहे. सध्या खाली एक घमेलं ठेवलंय, ते दोन दिवसांत भरतं आणि तुळशीला जातं. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की नवं भांडं टाकायचं की पॅनेल बसवायचे यावर बाप-लेकाचं एकमत झालेलं नाही; सुनेचं म्हणणं आहे की आधी न्हाणीचा पाइप छोटा करा.